दूरस्थ फाइल आणि एडिटर : एका 'अप्रत्यक्ष' उपयोगाचा इतिहास

संगणकांच्या जाळ्यावरून फाइली एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे नेण्याचा जो प्रोटोकॉल एफ.टी.पी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो, त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये 'आर.एफ.सी. ११४' या क्रमांकाने प्रसृत झाला. त्याचे कर्ते अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे पदवीधर असून त्या वेळी ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील 'प्रोजेक्ट मॅक' या प्रकल्पात काम करीत होते. या टिपणाच्या प्रारंभीच त्यांनी जाळ्याच्या उपयोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रत्यक्ष उपयोग. यात मनुष्य दूरच्या यंत्रात प्रवेश करतो आणि तेथील स्थानिक वापरकर्त्याप्रमाणे त्या यंत्राशी व्यवहार करतो. दुसरा अप्रत्यक्ष उपयोग. यात दूरच्या यंत्रात शिरण्याची, किंबहुना ते कसे चालवावयाचे हे ठाऊक असण्याचीही आवश्यकता नाही. मध्यस्थ असा एक प्रोग्रॅम दोन यंत्रांतील रीतिभातींचा फरक स्वतःकडे घेतो आणि वापरकर्त्याला तो दिसू देत नाही.

एफ.टी.पी.चा इतिहास सांगताना हा भेद बहुधा प्रास्ताविकातील औपचारिक वाक्य म्हणून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्या इतिहासाचा गाभा आहे. कारण भूषण यांनी ज्याला अप्रत्यक्ष उपयोग म्हटले, तो सामान्य वापरकर्त्याच्या टेबलावर यावयास अठरा वर्षे लागली. आणि तो आणला तो जाळ्याच्या किंवा कार्यकारी प्रणालीच्या शिल्पकारांनी नव्हे, तर मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या एका प्रोग्रॅमच्या, म्हणजे एडिटरच्या, एका वापरकर्त्याने. असे का झाले, आणि त्यामुळे कोणते प्रश्न उभे राहिले, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम प्रोटोकॉलची वाटचाल थोडक्यात पाहू. १९७२ मधील आर.एफ.सी. ३५४, १९७३ मधील ५४२, १९८० मधील ७६५ अशा टप्प्यांनी त्याची रचना बदलत गेली. मूळ मसुदा आर्पानेटच्या जुन्या एन.सी.पी. या वाहक-प्रोटोकॉलसाठी होता. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टी.सी.पी.-आय.पी.चा स्वीकार केल्यानंतर एफ.टी.पी.ही त्यावरच स्थिरावला. ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी आर.एफ.सी. ९५९ प्रसिद्ध केले. हेच त्याचे प्रमाणभूत रूप मानले जाते. या दस्तऐवजातील एक विधान विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. टर्मिनलसमोर बसलेल्या मनुष्यालाही हा प्रोटोकॉल वापरता येत असला, तरी त्याची रचना मुख्यतः प्रोग्रॅमांनी वापरावा यासाठी आहे, असे तेथे स्पष्ट नमूद केले आहे. उद्दिष्टांच्या यादीत प्रोग्रॅमांमार्फत होणाऱ्या अप्रत्यक्ष उपयोगाला उत्तेजन देणे हेही आहे. म्हणजे चौदा वर्षांनंतरही मूळ संकल्प कागदावर शाबूत होता.

व्यवहार मात्र निराळा होता. युनिक्स प्रणालीवर एफ.टी.पी. याच नावाचा एक प्रोग्रॅम असे आणि मनुष्य त्याच्याशी संवाद करीत बसे. दूरच्या यंत्रावरील फाइलीतील एक चुकलेली ओळ दुरुस्त करावयाची तर यंत्राचे नाव द्यावे, खातेनाव द्यावे, पासवर्ड द्यावा, योग्य डिरेक्टरीत जावे, फाइल आणण्याची आज्ञा द्यावी, प्रोग्रॅममधून बाहेर पडावे, एडिटर उघडून ओळ सुधारावी, आणि मग हीच परिक्रमा पुन्हा करून फाइल परत पोचवावी. एका ओळीसाठी हा सारा खटाटोप! यातील त्रास हा दुय्यम भाग झाला. खरी अडचण अशी की, या व्यवहारात एकाच मजकुराच्या दोन प्रती निर्माण होत आणि त्यांतील कोणती प्रमाण, याची नोंद केवळ मनुष्याच्या स्मरणात राहत असे. आणलेली प्रत सुधारून परत पोचविण्याचे विसरणे, किंवा मधल्या काळात दुसऱ्याने मूळ प्रतीत केलेली सुधारणा आपल्या प्रतीने पुसून टाकणे, हे प्रकार नित्याचे. हस्तलिखित पोथ्यांच्या नकला आणि त्यांतून उद्भवणारे पाठभेद यांचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

या अडचणीवर उपाय नव्हते असे नाही. प्रत्यक्ष उपयोग हा एक उपाय होताच : टेलनेटने दूरच्या यंत्रात प्रवेश करावा आणि तेथलाच एडिटर चालवावा. परंतु या पद्धतीत दाबलेली प्रत्येक कळ दूरच्या यंत्राकडे जाते आणि तिचे प्रतिध्वनिरूप अक्षर तेथून परत आल्यावरच पडद्यावर उमटते. जोडणी मंद किंवा लांबची असेल तर लिहिणाऱ्याचा हात आणि डोळा यांची फारकत होते. हा दोष जाळ्याच्या तज्ज्ञांना फार लवकर जाणवला होता. १९७७ मधील आर.एफ.सी. ७२६ मध्ये प्रतिध्वनीचे काम दूरच्या यंत्राच्या नियंत्रणाखाली जवळच्या यंत्राकडे सोपविण्याची योजना आहे. १९८९ मधील आर.एफ.सी. १११६ मध्ये ओळीचे संपादन जवळच्या यंत्रावर करून पूर्ण ओळच पाठविण्याची योजना आहे. दोन्ही योजना बुद्धिमान आहेत. पण त्या प्रत्यक्ष उपयोगाची चौकट न सोडता तिचा त्रास कमी करू पाहतात.

दुसरा मार्ग म्हणजे दूरच्या फाइली कार्यकारी प्रणालीनेच स्थानिक असल्याप्रमाणे दाखविणे. याचे सर्वांत जुने आणि काहीसे विस्मृत उदाहरण एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत सापडते. तेथील आय.टी.एस. या प्रणालीवर चालणारी पी.डी.पी.-१० यंत्रे ए.आय., एम.एल., डी.एम., एम.सी. अशा नावांनी ओळखली जात. फाइलीच्या नावाआधी यंत्राचे नाव आणि अपूर्णविराम लिहिला की त्या यंत्रावरील फाइल उघडे. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ईमॅक्स हा एडिटर याच वातावरणात सिद्ध केला. त्यामुळे ईमॅक्सच्या पहिल्या पिढीला दूरस्थ फाइलीची सोय आयती मिळाली होती. ती एडिटरची नव्हे, त्याच्या खालच्या प्रणालीची देणगी होती. पुढे १९८५ मध्ये युनिक्ससाठी नव्याने लिहिलेला ग्नू ईमॅक्स प्रसिद्ध झाला तेव्हा ही देणगी मागेच राहिली. ही उणीव पुढील हकिकत समजण्यास उपयोगी आहे.

युनिक्सच्या जगात या दिशेने दोन प्रयत्न उल्लेखनीय होत. इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठात ब्राउनब्रिज, मार्शल आणि रँडेल यांनी १९८२ मध्ये वर्णिलेली 'न्यूकॅसल कनेक्शन' ही योजना प्रोग्रॅम आणि प्रणाली यांच्यामध्ये एक थर घालून अनेक युनिक्स यंत्रांची मिळून एकच वृक्षाकार नामव्यवस्था बनवीत असे. स्थानिक मूळ डिरेक्टरीच्याही वर चढून शेजारच्या यंत्रात उतरावयाचे, अशी तिची कल्पना. दुसरा प्रयत्न सन मायक्रोसिस्टिम्सच्या एन.एफ.एस.चा, जो १९८५ च्या सुमारास प्रसारात आला आणि यशस्वी झाला. परंतु एन.एफ.एस.ला दोन्हीकडील यंत्रव्यवस्थापकांची संमती लागे. दूरची फाइल-व्यवस्था स्थानिक वृक्षाला जोडणे हे सामान्य खातेदाराच्या अधिकारात नव्हते, आणि परक्या संस्थेच्या यंत्राने आपल्या फाइली अशा प्रकारे उघड्या कराव्या अशी अपेक्षाही व्यर्थ होती. एकाच इमारतीतील यंत्रांसाठी ती व्यवस्था उत्तम. परंतु ज्याचे एक खाते ब्रिस्टलला आणि दुसरे कॅलिफोर्नियात, त्याच्या ती उपयोगाची नव्हती. त्याच्या हाती होते ते फक्त खातेनाव, पासवर्ड आणि जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालू असलेला एफ.टी.पी.चा सर्व्हर.

या ठिकाणी अँडी नॉर्मन यांचा प्रवेश होतो. ब्रिस्टल येथील ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नॉर्मन यांनी १९८९ मध्ये 'अँज-एफटीपी' नावाचा प्रोग्रॅम ग्नू ईमॅक्ससाठी लिहिला. 'अँज' हे त्यांचे यंत्रावरील खातेनाव होते. या प्रोग्रॅमने ईमॅक्सला फाइलीच्या नावाचा एक नवा घाट शिकविला : आरंभी तिरपी रेघ, मग खातेनाव, मग @ हे चिन्ह, मग यंत्राचे नाव, अपूर्णविराम आणि शेवटी त्या यंत्रावरील मार्ग. देवनागरीत लिहावयाचे तर '/वामन@यंत्र:/टिपणे/पत्र' असे त्याचे रूप होईल. अपूर्णविरामाची खूण बर्कले युनिक्सच्या १९८३ च्या आवृत्तीतील दूरस्थ नकलेच्या आज्ञेतही होती. नॉर्मन यांनी तिच्याआधी तिरपी रेघ घातली आणि हे नाव ईमॅक्सच्या दृष्टीने मूळ डिरेक्टरीपासून सुरू होणारे पूर्ण नाव ठरले. बदल क्षुल्लक दिसतो. पण त्यामुळे ते नाव एका विशेष आज्ञेचे परिशिष्ट न राहता, जेथे जेथे फाइलीचे नाव चालते तेथे तेथे चालू लागले : फाइल उघडताना, जतन करताना, एका फाइलीत दुसरी घालताना, डिरेक्टरीची यादी पाहताना, नाव अर्धवट लिहून उरलेले एडिटरकडून पुरे करून घेताना सुद्धा.

आतील यंत्रणा पाहिली म्हणजे या कल्पनेचा साधेपणा मनात भरतो. नॉर्मन यांनी एफ.टी.पी. प्रोटोकॉल ईमॅक्समध्ये नव्याने लिहिला नाही. युनिक्सवरील जो एफ.टी.पी. प्रोग्रॅम मनुष्य चालवीत असे, तोच ईमॅक्सच्या पोटात उपप्रक्रिया म्हणून चालविला आणि त्याच्यापुढे मनुष्याच्या जागी ईमॅक्सला बसविले. वापरकर्ता दूरची फाइल मागतो. ईमॅक्स त्या उपप्रक्रियेला ती एका तात्पुरत्या स्थानिक फाइलीत आणावयास सांगतो, ती तात्पुरती फाइल बफरमध्ये वाचतो आणि बफरला नाव मात्र दूरचे देतो. जतन करताना हीच क्रिया उलट क्रमाने होते. दोन प्रती अजूनही असतातच. पण तात्पुरती प्रत आता वापरकर्त्याच्या दृष्टिआड झाली असून, कोणती प्रत प्रमाण हे स्मरणात ठेवण्याचा भार त्याच्या डोक्यावरून उतरून बफरच्या नावावर आला आहे. भूषण यांचा मध्यस्थ प्रोग्रॅम तो हाच.

हे शक्य झाले ते ईमॅक्सच्या एका गुणामुळे. त्याचा बहुतेक भाग लिस्प भाषेत असून चालू एडिटरमधील कोणतीही क्रिया वापरकर्त्याला स्वतःच्या व्याख्येने बदलता येते. आठराव्या आवृत्तीच्या काळात अँज-एफटीपीने हाच मार्ग धरला : फाइल वाचणे, लिहिणे, अस्तित्व तपासणे इत्यादी मूलभूत क्रियांच्या व्याख्या काढून त्यांच्या जागी स्वतःच्या बसविल्या, आणि जुन्या व्याख्या निराळ्या नावांनी राखून स्थानिक फाइलींसाठी त्यांच्याकडेच काम सोपविले. याला काटेकोर प्रोग्रॅमर घुसखोरी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण या घुसखोरीने एक मागणी सिद्ध केली. १९९३ मध्ये आलेल्या एकोणिसाव्या आवृत्तीत ईमॅक्सच्या गाभ्यातच अशी सोय करण्यात आली की, फाइलीच्या नावाचा विशिष्ट घाट ओळखून ते नाव योग्य त्या हस्तकाकडे पाठविले जावे. आणि अँज-एफटीपी अधिकृत वितरणाचा भाग झाले. वापरकर्त्याने बाहेरून केलेली दुरुस्ती शिल्पकारांनी तत्त्व म्हणून स्वीकारल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. न्यूकॅसलचा थर प्रणालीच्या उंबरठ्यावर होता आणि तो घालण्यास प्रणालीवर सत्ता लागे. हा थर एडिटरच्या आत होता आणि त्यासाठी फक्त एडिटर आपला असणे पुरेसे होते.

मनुष्यासाठी लिहिलेले यंत्राने वाचावयाचे, या भूमिकेतून अँज-एफटीपीच्या बहुतेक अडचणी उद्भवल्या, आणि इतिहासाच्या दृष्टीने याच अडचणी बोलक्या आहेत. एफ.टी.पी. सर्व्हरचे प्रत्येक उत्तर तीन अंकी संख्येने सुरू होते आणि पुढे काही शब्द येतात. संख्या यंत्रासाठी, शब्द मनुष्यासाठी, अशी ही स्पष्ट वाटणी होती. २३० म्हणजे प्रवेश मिळाला, ३३१ म्हणजे पासवर्ड हवा, २२६ म्हणजे फाइल पूर्ण पोचली, ५५० म्हणजे मागितलेली गोष्ट देता येत नाही. इथवर अँज-एफटीपीला सुखाने चालता आले. पण डिरेक्टरीची यादी मागविणाऱ्या आज्ञेला असे कोणतेच ठरीव रूप नव्हते. निरनिराळ्या प्रणालींत ही माहिती फार भिन्न असल्याने ती प्रोग्रॅमला वापरणे कठीण जाईल, मनुष्याला मात्र उपयोगी पडेल, असे आर.एफ.सी. ९५९ स्वतःच कबूल करते. जो प्रोटोकॉल मुख्यतः प्रोग्रॅमांसाठी म्हणून सांगितला, त्याने डिरेक्टरीच्या बाबतीत प्रोग्रॅमांना वाऱ्यावर सोडले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परिणामी अँज-एफटीपीला अनुमानाची विद्या शिकावी लागली. समोरचे यंत्र युनिक्स असेल तर यादीचे रकाने ओळखीचे. ते डिजिटल कंपनीचे व्ही.एम.एस. असेल तर डिरेक्टरी चौकोनी कंसात, फाइलीच्या नावापुढे अर्धविराम आणि आवृत्तीचा क्रमांक. मिशिगन विद्यापीठाची एम.टी.एस. आणि आय.बी.एम.ची सी.एम.एस. या प्रणालींच्या रीती आणखी निराळ्या. यंत्राच्या पहिल्या काही उत्तरांवरून त्याची जात ओळखावयाची आणि त्याच्या नावांचे युनिक्सच्या धर्तीवर भाषांतर करावयाचे, ही कामे अँज-एफटीपीने अंगावर घेतली. फाइल किती आली हे कळावे म्हणून एफ.टी.पी. प्रोग्रॅम पडद्यावर मोजणीच्या खुणा उमटवी. त्या खुणा मोजून ईमॅक्स प्रगती दाखवी. यादी यंत्राने वाचावी अशा ठरीव रूपात देणारी आज्ञा प्रमाणित झाली ती आर.एफ.सी. ३६५९ मध्ये, २००७ साली! तोपर्यंत अनुमानावर चाललेल्या प्रोग्रॅमांची एक संपूर्ण पिढी होऊन गेली होती.

फाइलीच्या जातीचा प्रश्नही असाच. एफ.टी.पी. घडला तेव्हा जाळ्यावरील यंत्रांत ३६ अंशांचे शब्द वापरणारी पी.डी.पी.-१० होती आणि अक्षरांसाठी निराळा संकेत मानणारी आय.बी.एम.ची यंत्रेही होती. म्हणून मजकुराची फाइल पाठविताना ओळीच्या शेवटाची खूण व अक्षरसंकेत बदलावे, आणि अन्य फाइल जशीच्या तशी पाठवावी, असे दोन प्रकार प्रोटोकॉलने मानले. मनुष्य प्रकार निवडून सांगे. एडिटरने मात्र ते कशावरून ठरवावे? अँज-एफटीपी फाइलीच्या नावाच्या शेपटीवरून ठरवीत असे. हा उपाय बहुधा लागू पडे. न पडल्यास फाइल बिघडे. मध्यस्थाने फरक लपवावयाचे ठरविले की त्याला फरकांचे ज्ञान मनुष्यापेक्षा अधिक असावे लागते, हे यातून दिसते.

अग्निभिंतींचा प्रसंग १९९० नंतरचा. एफ.टी.पी.त आज्ञांची जोडणी एक आणि फाइलीच्या वाहतुकीची दुसरी. मूळ रीतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्याकडे उलट करतो. संस्थांनी बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवावयास प्रारंभ केला तेव्हा हा क्रम अडसर ठरला. स्टीव्हन बेलोविन यांनी १९९४ मध्ये आर.एफ.सी. १५७९ मध्ये सुचविले की दोन्ही जोडण्या मागणाऱ्यानेच कराव्या. अँज-एफटीपीत यासाठी पर्याय होते, तसेच संस्थेच्या द्वारयंत्रामार्गे जाण्याचीही तजवीज होती. याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही.

संपूर्ण फाइल एकदम आणण्याची ही पद्धत अडाणी आहे असे काहींना वाटेल. एन.एफ.एस. फाइलीचे तुकडे लागतील तसे आणतो, हे अधिक सुसंस्कृत नव्हे काय? पण एडिटर कोणतीही फाइल प्रथम संपूर्ण बफरमध्ये घेतो आणि जतन करताना संपूर्ण लिहितो. त्याच्या गरजेचा आकार आणि एफ.टी.पी.च्या देण्याचा आकार येथे अचूक जुळतात. आपल्याकडील उदाहरण घेऊ. शैक्षणिक संस्थांसाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या जाळ्याची अमेरिकेशी जोडणी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमार्फत १९८९ मध्ये झाली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट म्हणजे जास्तीत जास्त १,२०० अक्षरे एवढा होता, आणि तो साऱ्या संस्थांत वाटून घ्यावयाचा होता. सर्व जोडणी एकट्याला मिळाली तरी ४०,००० अक्षरांची फाइल यावयास अर्ध्या मिनिटाहून अधिक लागणार. हा विलंब खरा. पण तो एकदा आरंभी आणि एकदा शेवटी. उलट टेलनेटने दूरचा एडिटर चालविल्यास प्रत्येक कळीला विलंब. वाटेत भूस्थिर उपग्रह असेल तर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर जाऊन येण्याच्या दोन फेऱ्यांमुळेच अक्षर उमटण्यास जवळजवळ अर्धा सेकंद जाईल, आणि तो कोणत्याही वेगवान तारेने कमी होणार नाही. अप्रत्यक्ष उपयोग ही सुखवस्तू देशांतील हौस नव्हती. अरुंद आणि लांबच्या जोडणीवर काम करणाऱ्याला तिचे मोल अधिक होते.

येथवर या पद्धतीची जमेची बाजू सांगितली. तिच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप अँज-एफटीपीला उद्देशून नव्हता, तरी तो तिलाही लागू पडतो. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतील जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी वितरित संगणनावर एक टिपण प्रसिद्ध केले. जवळचे आणि दूरचे यांतील भेद प्रोग्रॅमरपासून लपविणे हेच चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारण दूरच्या वस्तूला विलंब आहे, आणि ती अर्धवट बंद पडू शकते, म्हणजे तिचा एक भाग चालू आणि दुसरा मृत असू शकतो. जे नाव स्थानिक फाइलीसारखे दिसते ते हा धोका झाकून ठेवते. एडिटरमध्ये हा धोका काल्पनिक नाही. एफ.टी.पी.ने फाइल परत लिहिताना सर्व्हर बहुधा जुनी फाइल रिकामी करून नवी भरू लागतो. जोडणी मध्येच तुटली तर दूर अर्धीच फाइल उरते. दोघांनी एकच फाइल उघडली तर कुलूप लावण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये नाही; शेवटी जतन करणाऱ्याची प्रत टिकते.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते हा आक्षेप एडिटरच्या बाबतीत सर्वांत कमी बाधतो. वाल्डो यांच्यासमोर प्रोग्रॅमाने प्रोग्रॅमाला केलेली विनंती होती, जेथे अपयशाची दखल घेणारे कोणी नसते. एडिटरपुढे मनुष्य बसलेला असतो. जतन झाले नाही तर संदेश त्याच्या डोळ्यांसमोर येतो, बफरमधील संपूर्ण मजकूर त्याच्याजवळ असतो, आणि पुन्हा प्रयत्न करावयाचा की स्थानिक प्रत ठेवावयाची हे तो ठरवू शकतो. ईमॅक्सने पुढे दूरस्थ फाइलींच्या आपोआप होणाऱ्या जतनप्रती स्थानिक तात्पुरत्या डिरेक्टरीत ठेवण्याची व्यवस्था केली, ती याच विचाराला धरून. अंतर लपविले गेले ते नावापुरते, परिणामांपुरते नव्हे.

पासवर्डाविषयी मात्र इतके उदार होता येत नाही. एफ.टी.पी. पासवर्ड उघड अक्षरांत पाठवितो. अँज-एफटीपी तो एकदा विचारून लक्षात ठेवी, किंवा बर्कले युनिक्सच्या परंपरेतील एका स्थानिक फाइलीतून वाचून घेई, जिथे तो उघड अक्षरांतच लिहिलेला असे. जेवढी सोय अधिक तेवढा तो पासवर्ड जाळ्यावरून अधिक वेळा जाणार. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील सर्ट या संस्थेने जाळ्यावर कान लावून पासवर्ड गोळा केले जात असल्याचा इशारा दिला. १९९५ मध्ये फिनलंडात तातू इलोनेन यांनी आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच चोरी झाल्यानंतर एस.एस.एच. लिहिले, आणि काही वर्षांतच अनेक यंत्रांवरील एफ.टी.पी.चा दरवाजा बंद होऊ लागला.

दरवाजा बंद झाला, पण फाइलीच्या नावाचा घाट राहिला. १९९८ च्या अखेरीस काय ग्रॉसयोहान यांनी जर्मनीत जो प्रोग्रॅम लिहावयास घेतला तो पुढे 'ट्रॅम्प' या नावाने प्रसिद्ध झाला आणि २००७ मध्ये ईमॅक्सच्या बाविसाव्या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याचा पोषक सिद्धान्त नॉर्मन यांचाच : आज्ञावाचक प्रोग्रॅम पोटात चालवावयाचा आणि मनुष्याच्या जागी एडिटरने बसावयाचे. मात्र पोटात एफ.टी.पी.ऐवजी एस.एस.एच.ने मिळविलेले दूरच्या यंत्रावरील आज्ञास्थान होते. फाइल आणता येत होतीच. शिवाय दूरच्या यंत्रावर आज्ञाही चालविता येत होत्या, जे एफ.टी.पी.ला कधीच साधले नव्हते. मधल्या काळात नॉर्मन आणि सँडी रदरफर्ड यांनी अँज-एफटीपीचे विस्तृत रूप 'ई.एफ.एस.' या नावाने केले होते. ते एक्सईमॅक्स या शाखेत रुजले. विम या एडिटरच्या २००१ मधील सहाव्या आवृत्तीतही एफ.टी.पी.च्या पत्त्याने फाइल उघडून परत लिहिण्याची सोय आली. पुढे चार्ल्स कॅम्बेल यांच्या 'नेटआरडब्ल्यू' या जोडप्रोग्रॅमने तिचा विस्तार केला. बीबीएडिट, अल्ट्राएडिट यांसारख्या व्यापारी एडिटरांनी हीच गोष्ट वेगळ्या खिडकीच्या रूपाने दिली. वेबपाने भाड्याच्या सर्व्हरवर थेट सुधारणारा मोठा वर्ग त्यांच्यामुळे तयार झाला. पण तेथे दूरची फाइल उघडणे ही एक निराळी आज्ञा होती, नावाचा गुणधर्म नव्हता. त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने ते पाऊल मागे होते असेच म्हणावे लागेल.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरसाठी दूरस्थ कामाचे जे जोडप्रोग्रॅम दिले, त्यांत एडिटरचेच दोन भाग केले आहेत : पडदा जवळ, आणि फाइली वाचणारा व प्रोग्रॅम चालविणारा भाग दूरच्या यंत्रावर. हा भूषण यांच्या वर्गीकरणात कोठे बसवावा? वापरकर्त्याला दूरच्या यंत्रात शिरल्याची जाणीव होत नाही, म्हणून अप्रत्यक्ष. पण काम तेथेच चालते, म्हणून प्रत्यक्ष. विभागातील विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचा स्वतंत्र विचार करावा असे सुचवावेसे वाटते.

एफ.टी.पी.चा सार्वजनिक वापर दरम्यान ओसरला. लिनक्सच्या मूळ संचयस्थळाने आणि डेबियन प्रकल्पाने २०१७ मध्ये आपली सार्वजनिक एफ.टी.पी. सेवा बंद केली. फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांनी २०२१ मध्ये त्याचा आधार काढून टाकला. ईमॅक्समध्ये मात्र अँज-एफटीपी अजून आहे. ट्रॅम्पला एफ.टी.पी.ची फाइल मागितली तर तो ते काम त्याच्याकडेच सोपवितो. फरक एकच झाला आहे. २०१८ मधील सव्विसाव्या आवृत्तीपासून नुसते यंत्राचे नाव चालत नाही. तिरपी रेघ आणि खातेनाव यांच्यामध्ये कोणत्या मार्गाने जावयाचे त्याचे नाव लिहावेच लागते, आणि 'एफटीपी' हे त्यांपैकी एक आहे.